उगम आणि टिकाव : दात्रपेशी व हिवताप यांच्या संबंधाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

एकाच रोगाला सर्व माणसे सारखीच बळी पडत नाहीत, ही गोष्ट वैद्यकास फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एकाच गावात, एकाच पावसाळ्यात, त्याच डासांच्या दंशाने एक मूल दगावते, तर शेजारच्या घरातील मूल चार दिवस तापाने फणफणून पुन्हा खेळू लागते. या भेदात पोषणाचा वाटा असतो, वयाचा असतो, पूर्वी होऊन गेलेल्या दुखण्यांचाही असतो. परंतु या सर्वांचा हिशेब केल्यावरही काही भाग उरतो, आणि तो जन्मतः मिळालेल्या जनुकांच्या पदरात टाकावा लागतो. ही गोष्ट निव्वळ तर्क म्हणून नव्हे, तर मोजून दाखवता येणारे सत्य म्हणून प्रथम प्रस्थापित झाली ती विसाव्या शतकाच्या मध्यास. आणि ज्या एका उदाहरणाने ती प्रस्थापित झाली, ते उदाहरण म्हणजे दात्रपेशीचे जनुक होय.

दात्र म्हणजे विळा. प्राणवायू कमी पडताच ज्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, त्यांच्या अंगी हे जनुक असते. ते आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आलेले असेल, तर ती व्यक्ती केवळ 'वाहक' असते आणि बहुधा निरोगी आयुष्य जगते. दोघांकडूनही आले असेल, तर मात्र तीव्र रक्तक्षय, हाडासांध्यांतील असह्य वेदना आणि वारंवार होणारे जंतुसंसर्ग यांनी ती व्यक्ती ग्रासली जाते. विदर्भात हा विकार 'सिकलसेल' या इंग्रजी नावानेच घरोघरी परिचित झाला आहे.

या जनुकाविषयी इतिहासात दोन प्रश्न विचारले गेले. ते आले कोठून, हा एक. आणि इतके घातक असूनही ते टिकले कसे, हा दुसरा. पहिला उगमाचा प्रश्न आहे, दुसरा टिकावाचा. बराच काळ या दोहोंची गल्लत होत राहिली, आणि त्या गल्लतीतून एका जनुकाला वंशाची खूण मानण्याचा भ्रम पोसला गेला. ही गल्लत कशी झाली, ती कोणत्या पुराव्याने दूर झाली आणि आपल्या प्रदेशाचा या इतिहासाशी काय संबंध आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. वंशाच्या चष्म्यातून

१९१० साली शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तातील चमत्कारिक आकाराच्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. रुग्ण वेस्ट इंडीजमधील ग्रेनेडा बेटावरून शिक्षणासाठी आलेला तरुण होता. १९१७ साली व्हिक्टर एमेल यांनी अशाच एका रुग्णाच्या वडिलांचे रक्त तपासले. वडील स्वतः निरोगी होते. तरीही त्यांचे रक्त काचेखाली बंद करून ठेवले असता त्यातील पेशीही विळ्यासारख्या झाल्या. १९२२ साली व्हर्न मेसन यांनी या विकारास त्याचे रूढ नाव दिले.

प्रारंभीचे बहुतेक रुग्ण अमेरिकेतील कृष्णवर्णीय होते. एवढ्यावरून हा 'निग्रो वंशाचा रोग' आहे असे समीकरण तेथील वैद्यकीय लेखनात रूढ झाले. १९२३ साली टालियाफेरो व हक यांनी हे लक्षण एकाच प्रभावी जनुकाने उतरते असा निष्कर्ष मांडला. त्यामुळे निरोगी वाहक आणि खरा रुग्ण यांतील भेद अस्पष्टच राहिला. पुढे युरोपीय वंशाच्या व्यक्तींत हे लक्षण आढळू लागले, तेव्हा समीकरण तपासून पाहण्याऐवजी त्या व्यक्तींच्या पूर्वजांविषयी शंका घेण्याकडेच अनेकांचा कल झाला. निरीक्षण सिद्धान्ताच्या आड आले, म्हणून निरीक्षणालाच संशयित ठरवावे, असा हा प्रकार होता.

१९४९ हे वर्ष या विषयात निर्णायक ठरले. जेम्स नील यांनी अमेरिकेत आणि ई. ए. बीट यांनी उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, परस्परांहून स्वतंत्रपणे दाखवून दिले की, वाहकाच्या ठिकाणी या जनुकाची एकच प्रत असते, तर रुग्णाच्या ठिकाणी दोन. त्याच वर्षी लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाचे हीमोग्लोबिन हे रेणूच्या पातळीवरच निराळे असल्याचे सिद्ध केले. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इंग्रॅम यांनी हा फरक नेमका हुडकला. प्रथिनाच्या साखळीत एका ठिकाणी ग्लुटॅमिक आम्लाच्या जागी व्हॅलीन बसते. सारा अनर्थ एवढ्याशा बदलातून उद्भवतो. अशा रीतीने रोगाचे मूळ सापडले. परंतु मूळ सापडताच एक नवे कोडे उभे राहिले.

३. अंकगणिताचे कोडे

हे कोडे साध्या हिशेबाने मांडता येते. एखाद्या समाजातील या स्थानावरील दर शंभर जनुकांपैकी दहा दात्रपेशीची आहेत असे समजू. मग जन्मणाऱ्या दर शंभर मुलांपैकी सुमारे ८१ जणांत हे जनुक मुळीच नसेल, १८ वाहक असतील आणि एक रुग्ण असेल. वैद्यकीय मदत नसलेल्या काळात रुग्ण मूल बहुधा वयात येण्यापूर्वीच मरण पावे. त्याच्याबरोबर त्याच्या दोन्ही प्रती नष्ट होत. याचा अर्थ असा की, दर पिढीस या जनुकाच्या एकूण प्रतींपैकी एक दशांश प्रती समाजातून नाहीशा होत.

ही गळती कोठून भरून निघते? नव्या उत्परिवर्तनांनी भरून निघते असे म्हणावे, तर निरोगी जनुकांपैकी दर पिढीस जवळजवळ शंभरात एक जनुक बिघडले पाहिजे. मानवी जनुकांतील उत्परिवर्तनाचा जो अंदाज त्या काळी मान्य होता, तो लाखात एक या घरातला होता. एवढी तफावत कोणत्याही चुकीच्या मोजमापाने समजावून सांगता येण्यासारखी नव्हती. आणि आफ्रिकेच्या काही भागांत तर वाहकांचे प्रमाण शेकडा ४० पर्यंत पोचले होते.

भूमध्य समुद्राच्या काठी आढळणाऱ्या थॅलसीमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराबाबत हेच कोडे पडले होते. नील व व्हॅलेंटाइन यांनी त्याचे उत्तर उत्परिवर्तनाचा वेग असाधारण मोठा मानून दिले होते. १९४८ साली स्टॉकहोम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी परिषदेत जे. बी. एस. हॉल्डेन यांनी हे उत्तर नाकारले. त्यांचा तर्क असा होता : वाहक हा निरोगी माणसापेक्षाही अधिक तगून राहणारा असेल, तर जनुकाची गळती भरून निघू शकते. ज्या इटली, सिसिली व ग्रीस या देशांत थॅलसीमिया विपुल आहे, तेथे हिवतापही पूर्वापार आहे. वाहकाच्या लहान तांबड्या पेशी हिवतापाच्या जंतूंना अधिक दाद देत नसतील, ही शक्यता विचारात घेतली पाहिजे.

हॉल्डेन यांच्यापाशी या वेळी कोणताही प्रत्यक्ष पुरावा नव्हता. तथापि त्यांच्या विधानात एक महत्त्वाची पायरी होती. 'हे जनुक कोणाचे?' हा प्रश्न बाजूला सारून 'हे जनुक कोणत्या परिस्थितीत उपयोगी पडते?' हा प्रश्न त्यांनी पुढे आणला. १९४९ सालच्या आपल्या एका निबंधात त्यांनी हाच विचार विस्ताराने मांडला. सांसर्गिक रोग हे मानवाच्या उत्क्रांतीतील निवडीचे एक प्रबळ साधन आहे, हे त्याचे सार होय. हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, प्रथम कलकत्त्यास व १९६२ पासून भुवनेश्वर येथे राहिले, येथील नागरिक झाले आणि १ डिसेंबर १९६४ रोजी येथेच निवर्तले.

४. पुरावा

तर्काला पुराव्याची जोड देण्याचे काम अँथनी ॲलिसन यांनी केले. त्यांचा जन्म दक्षिण आफ्रिकेतला, पण बालपण केनियात गेलेले. १९४९ साली ऑक्सफर्डच्या एका मोहिमेबरोबर ते केनियात गेले असता त्यांनी निरनिराळ्या जमातींचे रक्त तपासले. समुद्रकिनाऱ्यावर व व्हिक्टोरिया सरोवराभोवती वाहक पुष्कळ, तर उंच पठारावर आणि कोरड्या प्रदेशात अगदी थोडे, असे त्यांना आढळले. ही विभागणी भाषा किंवा वंश यांच्या सीमांशी जुळत नव्हती. डासांच्या वस्तीशी मात्र जुळत होती.

वैद्यकीय शिक्षण पुरे करून १९५३ साली ते पुन्हा पूर्व आफ्रिकेत आले आणि १९५४ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. युगांडातील गांडा जमातीच्या २९० मुलांचे रक्त त्यांनी तपासले होते. त्यांतील ४३ मुले वाहक होती. त्यांपैकी १२ जणांच्या, म्हणजे शेकडा २८ जणांच्या, रक्तात हिवतापाचे जंतू सापडले. उरलेल्या २४७ मुलांपैकी ११३ जणांत, म्हणजे शेकडा ४६ जणांत, ते सापडले. याखेरीज लुओ जमातीच्या तीस प्रौढ पुरुषांना त्यांनी मारक हिवतापाच्या जंतूंचा संसर्ग बुद्ध्या करवला. पंधरा वाहकांपैकी दोघांतच तो संसर्ग रुजला. वाहक नसलेल्या पंधरांपैकी चौदा जणांत रुजला.

या प्रयोगाविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. त्यात भाग घेणारे पुरुष स्वेच्छेने पुढे आले होते असे नमूद आहे. परंतु वसाहतीच्या राज्यातील प्रजाजनांची संमती किती मोकळी असू शकते, हा प्रश्न इतिहासलेखकास टाळता येत नाही. जिवावर बेतू शकणाऱ्या रोगाचा संसर्ग निरोगी माणसाला करवण्यास आज नीतिविषयक समितीची कडक तपासणी ओलांडावी लागेल. ज्ञानाच्या या पायरीखाली तीस माणसांची शरीरे आहेत, आणि ज्या शोधनिबंधाने ॲलिसन यांचे नाव अजरामर झाले त्याचा उल्लेख करताना त्या तिसांचे स्मरण ठेवणे न्याय्य होय.

ॲलिसन यांचे निष्कर्ष लगेच सर्वमान्य झाले नाहीत. हे लुओ पुरुष हिवतापाच्या प्रदेशातच वाढलेले असल्यामुळे त्यांच्या अंगी पूर्वीची प्रतिकारशक्ती असणार, असा आक्षेप आला. अमेरिकेत अर्नेस्ट ब्यूटलर व सहकाऱ्यांनी १९५५ साली केलेल्या प्रयोगात इतका स्पष्ट फरक दिसला नाही. या वादाचा उलगडा होण्यास कंपाला येथील ॲलन रेपर यांची निरीक्षणे उपयोगी पडली. वाहकाला जंतूंचा संसर्ग होतच नाही असे नसून, तो जिवावर बेतण्याइतका वाढत नाही, आणि हा लाभ मुख्यतः बालवयात, अंगची प्रतिकारशक्ती तयार होण्यापूर्वी, मिळतो, असे चित्र स्पष्ट झाले. प्रौढांच्या रक्तात जंतू मोजून हा फरक नीट दिसत नव्हता, कारण ज्यांचा निवाडा व्हावयाचा तो पाळण्यातच होऊन गेलेला होता.

अर्धशतकानंतर केनियाच्या किलिफी जिल्ह्यात टॉमस विल्यम्स व सहकाऱ्यांनी मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार वाहक मुलांना सौम्य हिवतापापासून सुमारे शेकडा ५०, रुग्णालयात दाखल होण्याच्या अवस्थेपासून सुमारे ७५, आणि अतितीव्र हिवतापापासून सुमारे ९० इतके संरक्षण मिळते. रोग जितका घातक, तितके संरक्षण अधिक. मानवी आनुवंशिकीत इतक्या मोठ्या संरक्षणाची उदाहरणे फार थोडी आहेत.

आता मागील हिशेबाकडे वळल्यास कोडे सुटलेले दिसते. वाहक नसलेल्यांपैकी शेकडा सुमारे अकरा जण हिवतापामुळे जास्तीचे दगावत असतील, तर दात्रपेशीच्या जनुकाचे प्रमाण दहा टक्क्यांवर स्थिर राहते. रुग्ण मुलांचे मृत्यू आणि हिवतापाने होणारे मृत्यू यांचा हा भीषण समतोल होय. याच कारणाने 'हितकारक जनुक' हा शब्दप्रयोग जपून केला पाहिजे. लाभ वाहकाचा आहे. त्याची किंमत रुग्ण मूल मोजते. शिवाय रुग्णाला हिवतापापासून अभय मिळते ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. आधीच रक्तक्षय असलेल्या मुलास हिवताप झाला, तर तो त्याच्या जिवावर उठतो.

५. भारतीय पुरावा

दात्रपेशी हा आफ्रिकी वंशाचाच विकार आहे, या समजुतीस भारतातून जबर धक्का बसला. १९५२ साली हर्मन लेमान व मेरी कटबुश यांनी नीलगिरीच्या आदिवासी जमातींत हे लक्षण विपुल असल्याचे दाखवले. त्याच वर्षी डनलॉप व मजुमदार यांनी अपर आसामातील चहामळ्यांच्या मजुरांत या विकाराचे रुग्ण आढळल्याचे लिहिले. या मळ्यांत पूर्व व मध्य भारतातून मजूर नेले जात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. १९५८ साली नागपूरच्या शुक्ल व सोळंकी यांचा मध्य भारतातील दात्रपेशी-लक्षणाविषयीचा लेख 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि विदर्भाचे नाव जगाच्या या नकाशावर आले.

तथापि जुनी सवय सहजासहजी सुटत नाही. नीलगिरीतील शोधावरून लेमान यांनी स्वतःच भारत, अरबस्तान व पूर्व आफ्रिका यांना जोडणाऱ्या एका प्राचीन स्थलांतराची कल्पना मांडली. म्हणजे समीकरणातील वंशाचे नाव बदलले, समीकरण तेच राहिले. मध्य भारतात पुढे झालेल्या तपासण्यांनी हे समीकरण आणखी सैल केले. गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा अशा जमातींत हे जनुक आढळते; तसे ते अनुसूचित जातींत आणि शेती करणाऱ्या इतर समाजांतही आढळते. यांची भाषाकुले एक नाहीत. गोंडी व माडिया द्राविड कुळातल्या, भिल्ली व पावरी आर्य कुळातल्या. अशा समाजांना एकाच प्राचीन वंशात कोंबण्यापेक्षा, त्यांपैकी पुष्कळांनी पिढ्यानुपिढ्या हिवतापाच्या रानात व रानालगत संसार केले, ही गोष्ट अधिक बोलकी आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. गांडा किंवा किलिफी येथील मुलांच्या मागोव्यासारखा भक्कम पुरावा आफ्रिकेतला आहे. फ्रेडरिक पील व सहकाऱ्यांनी २०१० साली जगाचा नकाशा तपासला असता, या जनुकाचे प्रमाण आणि हिवतापाची पूर्वीची तीव्रता यांची सांगड आफ्रिकेत स्पष्ट दिसली. आशियात ती तशी दिसली नाही. भारतात जातींतर्गत व जमातींतर्गत विवाहाने जनुकांचे प्रमाण गावागावांत बदलते, आणि नकाशावर तो पट धूसर होतो. म्हणून मध्य भारतात हिवतापाचे कार्य झाले असावे हा निष्कर्ष सबळ असला, तरी तो आफ्रिकेवरून केलेले अनुमान आहे हे विसरता कामा नये.

६. वंश नव्हे, परिस्थिती

१९५८ साली अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ फ्रँक लिव्हिंग्स्टन यांनी या इतिहासास आणखी एक पदर जोडला. पश्चिम आफ्रिकेतील जमातींचा अभ्यास करून त्यांनी असे मांडले की, शेतीसाठी जंगल तोडले गेले, उन्हात पाण्याची डबकी साचली, माणसांची दाट वस्ती झाली, आणि त्यामुळे हिवताप पसरविणाऱ्या डासांची चलती झाली. हिवताप वाढला तसे दात्रपेशीचे जनुकही वाढले. म्हणजे माणसाच्या कुऱ्हाडीने व नांगराने भूमीचे रूप पालटले, आणि त्या पालटलेल्या भूमीने माणसाचे रक्त पालटले. लिव्हिंग्स्टन यांनीच १९६२ साली याच पुराव्याच्या आधारे मानवजातीत काटेकोर वंश असतात ही कल्पनाच नाकारली. जनुकांचे प्रमाण प्रदेशागणिक चढत-उतरत जाते. प्रत्येक जनुकाचा चढउतार निराळा असतो, आणि त्यांतून वंशाची कुंपणे आखता येत नाहीत, हे त्यांचे प्रतिपादन होते.

उगमाचा प्रश्न मात्र अद्याप चर्चेत आहे. १९८० नंतरच्या दशकात जनुकालगतच्या खुणा तपासून असे मानले गेले की, हे उत्परिवर्तन आफ्रिकेत अनेकदा आणि अरबस्तान-भारतात स्वतंत्रपणे घडले असावे. २०१८ साली श्राइनर व रोतिमी यांनी संपूर्ण जनुकसंचांच्या आधारे उलट मत मांडले. उत्परिवर्तन एकदाच, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी, आफ्रिकेत घडले व तेथून पसरले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो ग्राह्य धरला, तर भारतातील जनुकही दूरच्या स्थलांतराने आलेले ठरते. मग जुना वंशवाद खरा ठरला काय? मुळीच नाही. एखादा प्रवासी जनुकाची एक प्रत घेऊन येऊ शकतो. परंतु ती प्रत हजारो घरांत पोचते आणि शेकडो पिढ्या टिकते, ती तेथील परिस्थितीच्या बळावर. उगम एक असो की अनेक, टिकावाचे कारण त्यामुळे बदलत नाही.

७. उपसंहार

या इतिहासातून निघणारे पहिले तात्पर्य व्यवहाराचे आहे. हिवताप हटला, तरी हे जनुक लगेच हटत नाही. संरक्षणाचा लाभ नाहीसा झाल्यावर दहा टक्के असलेले प्रमाण निम्म्यावर येण्यास, रुग्णांच्या मृत्यूंवर भिस्त ठेवल्यास, सुमारे दहा पिढ्या, म्हणजे अडीचशे वर्षे लागतील. इतकी वर्षे मुलांच्या मरणाची वाट पाहणे हा उपाय नव्हे. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत सात कोटी लोकांची तपासणी हे उद्दिष्ट ठेवण्यात आले. तपासणी व औषधोपचार यांच्या बरोबरीने समुपदेशनास त्यात जे महत्त्व आहे, त्याचे कारण या हिशेबात सापडते.

दुसरे तात्पर्य विचाराचे आहे. तपासणीनंतर हाती पडणारे कार्ड वाहकाच्या, विशेषतः विवाहयोग्य मुलीच्या, कपाळी कलंक म्हणून लागू शकते. आणि एखाद्या जमातीवर 'आजारी रक्ताची' असा शिक्का बसू शकतो. १९२० नंतरच्या अमेरिकेत जी चूक झाली, तिचीच ही आवृत्ती होईल. ज्याला दोष म्हटले जाते, ते त्या समाजाच्या पूर्वजांनी हिवतापाशी दिलेल्या झुंजीचे अवशेष आहेत. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, आणि अभिमान मिरवावा असेही काही नाही. तेथे रोग होता, मुले मरत होती, आणि काही जगली. एवढेच ते रक्त सांगते.

ही झुंज अजून संपलेली नाही. गॅम्बिया व केनिया येथील मुलांच्या अभ्यासातून २०२१ साली असे पुढे आले की, हिवतापाच्या जंतूंच्या काही जातींत असे बदल झालेले आहेत की, त्यांच्यापुढे दात्रपेशीचे संरक्षण फारसे चालत नाही. माणसाचे रक्त बदलले, तसा जंतूही बदलला. रोग व माणूस हे परस्परांना घडवीत आले आहेत, हे हॉल्डेन यांनी पुरावा हाती नसताना ओळखले होते. एखाद्या समाजाच्या रक्तातील वैशिष्ट्य दिसताच 'हे लोक कोण?' असे न विचारता 'हे लोक कशातून गेले?' असे विचारणे, हा त्यांचा खरा वारसा होय. मध्य भारतातील संशोधकांपुढे तर हा प्रश्न आजही आहे.